ओटमारची फुगलेली बारा पिंपं

गुंडी सांगायची की लग्नाच्या दिवशीसुद्धा हा माणूस चर्चच्या दाराच्या बिजागऱ्या हलवून बघत होता. तिचं काही चुकत नव्हतं. ओटमारची अडतीस वर्षं रेल्वेत रुळांचे बोल्ट ठोकून बघण्यात गेली होती. अशा माणसाचा घरच्या खुर्चीवरही एकदम विश्वास बसत नाही.

निवृत्तीनंतर हा सगळा काटेकोरपणा त्याने घरी बियर बनवण्यावर काढला. जर्मनीतल्या बांबेर्गच्या आसपास बियर विकत घ्यायला कुणाचं अडत नाही. त्याच्या एवढ्याशा गावातच ती गाळणारे दोघे होते. पण ओटमारला दोघांचीही पाणचट लागायची आणि तसं तो तोंडावर सांगायचा. आधी तो बाटल्या भरायचा. शंभर बाटल्या गुंडी धुवायची. तिच्या बोटांना संधिवाताने धरलं, तेव्हा त्याने एका सकाळी सगळ्या बाटल्या वाटून टाकल्या आणि पाच पाच लिटरची पत्र्याची बारा छोटी पिंपं आणली. वर रबरी बूच, खाली ओढून बाहेर काढायची तोटी. एक पिंप फ्रिजच्या खालच्या फळीवर नीट बसायचं. तोटी फिरवली की ग्लास भरला. "तुझ्यासाठी आणलीत" असं मात्र तो तिला कधी म्हणाला नाही. जागा कमी लागते म्हणाला.

पिंप भरताना प्रत्येकात एक सपाट चमचा साखर पडते. बूच लावल्यावर ती आत आंबते आणि बियरला फेस धरतो. साखर घालायची राहिली तर बियर मेलेली, जास्त झाली तर पिंपाची खैर नाही.

त्या जूनमध्ये त्यांची मुलगी उलरिके शेजारच्याच जागेत घर बांधत होती. छपराचे वासे चढले की सुतारांना आणि शेजाऱ्यांना खाऊपिऊ घालायचं असतं. ओटमारने सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं, "माझ्या मुलीच्या अंगणात विकतचा एक थेंब येणार नाही."

समारंभाला आठ दिवस होते. तो तळघरात उतरला आणि पायरीवरच थांबला. बाराही पिंपांचे तळ पुरीसारखे फुगले होते. त्याने एकाला बोट लावलं, तर ते जागच्या जागी डुलायला लागलं.

दुप्पट साखर. दुसरं काही असूच शकत नव्हतं.

त्याला एकदाच घातल्याचं लख्ख आठवत होतं, आणि त्यामुळेच तो जास्त घाबरला. त्याचा बाप याच घरात सत्तरीनंतर एकाच घड्याळाला दिवसातून दहादा किल्ली द्यायचा आणि आत्ताच पहिल्यांदा दिली असं शपथेवर सांगायचा. शेवटी त्याने ओटमारलाच विचारलं होतं, "तू कुणाचा रे?" ओटमारला आता एकाहत्तर चालू होतं.

बुचाच्या मधली खुंटी हळूच फिरवून त्याने एकेका पिंपातला वारा सोडला. फुस्स करून फेस हातावर आला. चार दिवस सकाळ-संध्याकाळ हाच उद्योग. गुंडीला त्याने एवढंच सांगितलं की जरा जोर जास्त झालाय.

पाचव्या दिवशी पाव आणि मुळा खाता खाता तो म्हणाला, "एवढ्या खेपेनंतर बंद. बियर उकळायचं मोठं भांडं कुणाला हवं असेल तर देऊन टाक."

"का रे? काय झालं?"

"डोकं चालत नाही माझं. साखर दोनदा घातली. बाराच्या बारा पिंपांत. आणि दुसऱ्यांदा घातल्याचं काही आठवत नाही बघ. बाबांचंही असंच सुरू झालं होतं."

गुंडीने सुरी खाली ठेवली. तिचे कान लालबुंद झाले होते.

"तू एकदाच घातलीस, ओटमार."

"तुला काय माहीत?"

"दुसऱ्यांदा मी घातली."

त्याने मुळ्याची ताटली बाजूला सारली.

"तू उकळलेली बुचं आणायला वर गेलास ना, तेव्हा. मला वाटलं, विसरलास. मार्चमध्ये तू पाववाल्याकडे किल्ल्या ठेवून आलास, तेव्हापासून मी तुझ्या मागून सगळं बघते. गॅस, दार, नळ."

"किल्ल्या कुणीही विसरतं गं!"

"हो रे. पण तुझ्या बाबांचं मीच केलंय. मला भीती वाटते."

ओटमारने रागवायचा प्रयत्न केला. रूळ तपासणाऱ्यावर तपासनीस नेमला म्हणून आवाजही चढवून पाहिला. पण राग काही येईना. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून नेला होता, आणि त्याला नुसतं हसू फुटत होतं.

"सपाट चमचा घातलास की शीग लावून?"

"शीग लावून," गुंडी पुटपुटली.

"तरीच!"

शुक्रवारी दुपारी सुतारांचा म्होरक्या फाइट छपराच्या आढ्यावर चढला. घराला चार शुभ शब्द बोलून ग्लास एका दमात रिकामा करायचा आणि खाली फेकून फोडायचा, अशी रीत. तो शब्द बोलला, ग्लास उचलला, आणि आत बघून थबकला. तीन बोटं बियर, वर सगळा फेस. चाळीस माणसं माना वर करून थांबली.

"ओटमार, अरे प्यायला दिलंयस की दाढी करायला?"

अंगण खदखदा हसलं. टेबलापाशी उभ्या गुंडीचा चेहरा उतरला. ती तोंड उघडणार, एवढ्यात ओटमार ओरडला, "विसरलो रे! साखर दोनदा घातली! म्हातारा झालो आता!"

आठवड्यापूर्वी हा शब्द एकट्याने तळघरातसुद्धा त्याच्या तोंडून निघाला नसता. आज तो चाळीस जणांत खुशाल ओरडला, कारण तो खोटा होता.

फाइटने फेसासकट ग्लास रिचवला आणि भिरकावला. काच फुटली, टाळ्या पडल्या.

गुंडी त्याच्याजवळ आली. डोळे पुसत होती आणि हसतही होती.

"खोटारडा कुठला. पुन्हा म्हण."

"काय?"

"विसरलो, म्हण. आज ऐकायला बरं वाटतंय."

त्याने पुन्हा म्हटलं, तिच्याकडे बघत.