तुरीची सात झाडं

मालेगावजवळच्या सरकारी फार्मवर मी राखणदार होतो, तेव्हा तिथले एक साहेब तुरीच्या मर रोगावर संशोधन करत. लोक रोगट झाडं उपटून जाळत. साहेब त्यांचे तुकडे करून त्याच वाफ्यात पुरत. अशा मातीतही जगेल ते झाड त्यांना हवं होतं. बाहेर पडताना मात्र ते तळपाय घासून धूत, रोग कुणाच्या शेतात जाऊ नये म्हणून.

एकदा त्यांनी खोड चिरून आतली काळी रेघ दाखवली. नेहमीसारखं थांबत थांबत म्हणाले, "रोग आला, हे झाडाला कळतं. त्याला अडवायला ते स्वतःच्याच पाण्याच्या नळ्या बुजवतं. मग तहानेनं मरतं."

"म्हणून ओल्या जमिनीतबी वाळते," मी म्हणालो.

चौथ्या वर्षी सात झाडं जगली. शेंगा भरत असताना एका दुपारी माझा डोळा लागला आणि माझ्याच गाईनं सातही बुडापर्यंत खाल्ली. साहेब थोटकांवरून बोट फिरवत बसले.

"साहेब, मले कामावरून काढा."

"घरी खाणारे किती?"

"सहा."

मोठे साहेब तपासणीला आले, तेव्हा आमचे साहेब एवढंच म्हणाले, "सगळी मर लागून गेली."

संशोधन बंद झालं. साहेबांची बदली झाली. माझी नोकरी राहिली.

पुढच्या वर्षी आमची तूर फुलावर असतानाच उभी वाळली. शेजारच्या शेतकऱ्यानं विचारलं, "मरीपुढं टिकन अशी तूर कोठीच नसन का?"

"नसन," मी म्हणालो.