पोरांच्या क्लासातले काका

पाय लागला की काका नाचता नाचता थांबायचे, खाली वाकून समोरच्या बाईंच्या बुटाला हात लावायचे आणि तो हात छातीशी न्यायचे. तोवर गाणं पुढे निघून गेलेलं असायचं. बाई अमेरिकन, वयस्कर, शिस्तीच्या. त्या ओरडायच्या, "डोन्ट स्टॉप!" काकांचं ठरलेलं उत्तर, "सॉरी मॅडम. करून पाहू ना पुन्हा!"

२००३-०४ चा हिवाळा असेल. अमेरिकेत नेपरव्हिलला आम्ही नवीन होतो. शाळकरी मुलांना बॉलरूम डान्स आणि चारचौघांत वागायची रीत शिकवणारा हा क्लास शनिवारी दुपारी एका चर्चच्या हॉलमध्ये भरायचा. असले क्लास तेव्हाच मोडीत निघाले होते, पण बाई चिवट. मुलांना टाय, मुलींना पांढरे हातमोजे. मुलगे एका भिंतीशी, मुली समोरच्या. मुलानं मधली जागा ओलांडून जायचं, किंचित झुकून विचारायचं. माझा लेक तेवढं चालण्यातच अर्धा व्हायचा. शाळेत कुणाशी बोलेना, म्हणून मीच त्याला भरीला घातलं होतं. "आई, धिस इज सो वियर्ड," एवढंच त्याचं मत.

पण या पोरासोरांत साठीला टेकलेले नागपूरचे काका काय करत होते? तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्हीही हेच विचारलं असतंत. मला आधी वाटलं, कुणाचे तरी आजोबा असतील. मग कळलं, मोठ्यांच्या क्लासला जोडीनं यावं लागायचं, आणि काकू म्हणाल्या होत्या, "या वयात हे कसले थेर!" इकडे बाईंचे यजमान गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी बसलेले. बाईंना करून दाखवायला कुणीतरी हवंच होतं, तिथे काकांची वर्णी लागली. करून दाखवायला इतका वाईट माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही!

त्यांची सवय मात्र पोरांनी उचलली. थोड्याच दिवसांत गोरी पोरंही पाय लागला की वाकायला लागली. एकदा एक जोडी एकदमच वाकली आणि टाळकी आपटली. बाईंनी गाणं बंद करून विचारलं, हे आहे तरी काय? काका म्हणाले, "मॅडम, समोरच्यात देव असतो. त्याला पाय लागला तर राहवत नाही." बाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "बरं. गाणं संपल्यावर वाका."

मला काही चैन पडेना. एकदा गाडीवरचा बर्फ खरवडताना विचारलंच, "काका, कशासाठी हा खटाटोप?"

तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या बॉस्टनच्या लेकीचं उन्हाळ्याच्या तोंडावर लग्न होतं. मुलगा अमेरिकन. काका फोनवर वाट्टेल ते बोलले होते, लग्नाला येणार नाही म्हणाले होते. मग तिनं निरोप पाठवला, "रिसेप्शनला नवरी वडिलांबरोबर नाचते. बाबा आले नाहीत तर मी तो डान्स कुणाबरोबरच करणार नाही." काकांनी अजून उत्तर दिलं नव्हतं.

"आधी जमू तर द्या ना. जमलं की फोन करतो," काका म्हणाले. "सगळ्यांसमोर तिचं हसं झालं तर?"

"आणि नाहीच जमलं तर?"

काका नुसते खरवडत राहिले. मला राग आला, खरंच आला. "काका, बाईंच्या बुटाला पाय लागला तर तुम्ही तिथल्या तिथे वाकता. आणि पोटच्या पोरीला एवढं बोललात, तिच्यापुढे वाकायला डान्स यायची वाट बघताय होय?"

काका खरवडणं टाकून गाडीत जाऊन बसले, पण गाडी सुरू केली नाही. काचेतून दिसलं, त्यांनी फोन कानाला लावला होता. मी लेकाला घेऊन मुकाट्यानं निघाले.

पुढच्या शनिवारी काका आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. बाई दाराकडे बघायच्या आणि एकट्याच, हवेत हात धरून करून दाखवायच्या. माझा जीव टांगणीला लागला.

उन्हाळ्यात डेव्हनवर, आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, भाजी घेताना काकू भेटल्या, एकट्याच. काका अजून बॉस्टनलाच होते. मी विचारायच्या आधीच त्या सांगायला लागल्या. काका फोनवर म्हणाले होते, "बाळा, माझं चुकलं. पण मला अजून नाचता येत नाही." त्यावर लेक रडता रडता हसली, "बाबा, मला तरी कुठे येतं! तुम्ही या. आपण नुसतं उभं राहू."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, राहिले उभे दोघं तसेच," काकू म्हणाल्या. "गाणं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तरी हे तिला सोडेनात."