उजवं पान

"आता उलट बाजू!" असं म्हणून मास्तर डोक्यावरची टोपी काढायचे, मागचं टोक पुढे करून परत घालायचे आणि वर्ग सुटला की तसेच घरी जायचे. नवी पेठेतले दुकानदार हसायचे. आम्हीही हसायचो. तुम्हीही हसला असतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या लाजेचं कारण पुढे आहे.

सोलापुरात तेव्हा कॉलेज नव्हतं. पुण्याला पहिल्या वर्षात आपटून परतलेली आणि ऐपत नाही म्हणून पुण्याला न गेलेली, अशी आम्ही नऊ पोरं भवानी पेठेतल्या एका वाचनालयाच्या माडीवर जमायचो. मास्तर संस्कृत नाटकं, ग्रीकांची भाषणं वाचून दाखवायचे आणि निबंध लिहून घ्यायचे. स्वतः बी. ए.ला दोनदा बसले होते. उठले ते पदवीशिवायच.

त्यांचा नियम एकच. वहीच्या डाव्या पानावर एक बाजू पटवून द्यायची, उजव्या पानावर तितक्याच जोरानं तिच्याविरुद्ध लिहायचं. "ज्याला स्वतःशी भांडता येत नाही, त्यानं जगाला शहाणपण शिकवू नये."

मी वकिलाचा मुलगा. 'उद्योग' या विषयावर मी पाच पानं उपमा उधळल्या. मास्तरांनी वही नाकाशी नेऊन वास घेतला.

"अत्तर कुठलं हो, वकीलसाहेब? निबंध आहे की लग्नपत्रिका? आमंत्रण पोचलं, लग्न कुणाचं ते कळेना!"

माडी दणाणली. मग त्यांनी मागच्या पोराची वही उचलली. हा तेलुगू विणकराचा मुलगा, मराठी चाचपत लिहायचा. पहिलीच ओळ होती, 'आमच्याकडे माग थांबला की चूल थांबते.'

"बघा. बाकीच्यांनी शाई उगीच नासली की."

विणकराच्या पोरापुढे माझं हसं झालं. पुढे मी जे केलं, त्याचं कारण एवढंच. त्याहून मोठं कारण मी वीस वर्षं शोधतोय.

पुढचा विषय 'वडिलांची आज्ञा पाळावी'. डाव्या पानावर मी पाळली. उजव्या पानावर अशी मोडली की मास्तर म्हणाले, "आता जमतंय, वकीलसाहेब."

त्याच आठवड्यात मी ते उजवं पान फाडलं, 'एक चिंतातुर पालक' अशा सहीच्या अर्जाला टाचलं आणि वाचनालयाच्या कमिटीकडे धाडलं. मास्तर पोरांना बापावर उठवतात, असा अर्ज. डावं पान माझ्या ट्रंकेत राहिलं.

कमिटीनं मास्तरांबरोबर आम्हालाही बोलावलं. हे माझ्या हिशेबात नव्हतं. अध्यक्ष म्हणजे पेन्शनीत निघालेले मामलेदार. त्यांनी पान फडकावलं.

"हे तुम्ही लिहवून घेतलंत?"

"होय."

विणकराचा मुलगा ताडकन उठला. "साहेब, हे अर्धंच हाय की! डाव्या पानावर दुसरी बाजू असत्या!"

"मग ज्याचं हे पान, त्याला उभा करा," अध्यक्ष म्हणाले. "त्यानं डावं पान दाखवावं. वर्ग चालू राहील. बोला मास्तर, अक्षर कुणाचं?"

मास्तरांनी चष्मा पुसला. पान जवळ धरलं, लांब धरलं.

"अक्षर ओळखत नाही."

"सर, तुमी तर अंधारात पण ओळखता की!" विणकराचा मुलगा रडकुंडीला आला.

"तू खाली बस."

मी माझ्या बोटांवरची शाई बघत होतो.

वर्ग बंद झाला. जिना उतरताना मास्तर माझ्यापाशी थांबले. "अर्ज उत्तम. एकही उपमा नाही. दहापैकी सात." दोन पायऱ्या उतरून मागे वळले. "तीन कापले. उलट बाजू लिहिलेली नाही."

टोपी त्या दिवशी सरळ होती.

ते माढ्याला बहिणीकडे गेले. विणकराचा मुलगा मागावर बसला. मी वकील झालो. एकाच बाजूचं बोलण्याची फी मिळते, हे मला लवकर उमगलं होतं. दोन वर्षांपूर्वी मास्तर तिकडेच वारल्याचं कळलं. भेटायला मी एकदाही गेलो नाही. गाडीनं फार वेळ लागत नाही.

काल ट्रंक उघडली. वहीत डावं पान आहे, समोर फाटलेली कड. हा मजकूर तिथे चिकटवणार आहे.

मास्तर, तीन मार्कांची आशा नाही. टोपी तेवढी फिरवा.