आईच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर

आई शाळेतून रिटायर झाली त्या उन्हाळ्यात तिला सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून द्यायचं मी ठरवलं. मी बुऱ्हाणपुरातच एका ऑफिसात क्लार्क होतो आणि मशीनमधलं आपल्याला फार कळतं असा माझा समज होता.

आई भूगोल शिकवायची. शाळेच्या सहलींचं चित्रण तिने छोट्या कॅमेऱ्यावर करून ठेवलं होतं. असीरगडाची चढण चढताना धापा टाकणारी पोरं, तापीच्या घाटावर डबे उघडून बसलेल्या मुली, असे पुष्कळ तुकडे.

"ते सगळं जोडून मला एक फिल्म करायची आहे," ती म्हणाली. "शाळेत दाखवीन."

मी हो हो केलं. तिला ते जमेल असं मला वाटलंच नव्हतं.

दुकानदाराने माझ्यापुढे दोन प्रोसेसर ठेवले, एक दोन कोअरचा आणि एक चार कोअरचा.

"काम क्या लोगे इससे?" त्याने विचारलं.

"मम्मी के लिए है. थोड़ी टाइपिंग, थोड़ा इंटरनेट."

"वीडियो का काम हो तो चार वाला ही लेना, भैया. दो वाला अटकेगा."

मी दोनवालाच घेतला. वाचलेल्या पैशांत मोठा स्क्रीन आणि निळे दिवे लागणारं कॅबिनेट आणलं. बुऱ्हाणपुरातल्याच लालबाग भागातल्या आमच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना तेच दिसणार होतं. प्रोसेसर आत असतो, तो कोण बघतो?

पहिले काही दिवस आई खूश होती. कुठलं बटण कधी दाबायचं ते वहीत लिहून घ्यायची. मग तिने फिल्म जोडायला घेतली. तिसऱ्या-चौथ्या तुकड्याला चित्र अडकायचं, आवाज पुढे निघून जायचा आणि मग सगळंच थिजायचं. आई माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवायची आणि वाट बघत बसायची. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

"माझंच काही चुकतंय का रे?" तिने एकदा विचारलं.

"सवय होईल," मी म्हणालो.

ते का अडकतं हे मला ठाऊक होतं. प्रोसेसर तेवढा बदलला असता तर भागलं असतं, आतला मदरबोर्डही तोच चालला असता. पण मग माझी निवड चुकली हे तिच्यासमोर कबूल करावं लागलं असतं. महिनाभराने शेजारच्या काकू आल्या तेव्हा आई त्यांना सांगत होती, "मुलाने एवढं चांगलं मशीन आणून दिलं, पण माझं डोकंच चालत नाही त्यात." मी आतल्या खोलीत चहा पीत होतो. बाहेर आलो नाही. पुढे आईने कॉम्प्युटरवर कापडी कव्हर शिवून घातलं आणि वही कुठेतरी ठेवून दिली.

मध्ये बरीच वर्षं गेली. आईची नजर खूप अधू झाली, माणूस समोर बसला तरी आवाजावरून ओळखायची. मी माझ्या कामासाठी नवं मशीन घेतलं आणि एका रविवारी तिचे ते तुकडे जोडायला बसलो. ती खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली, तेव्हा मी सांगून टाकलं.

"आई, तेव्हा चूक तुझी नव्हती. मी प्रोसेसर हलका घेतला होता. मला माहीत होतं."

तिने चेहरा माझ्या आवाजाकडे वळवला.

"तेव्हाच सांगायचं होतंस," ती म्हणाली. "मी त्यानंतर मोबाइलसुद्धा शिकले नाही. म्हटलं, आपल्याला हे यायचं नाही."

तिनेच मग फिल्म लावायला सांगितली. थोडं ऐकून तिने मला थांबवलं.

"हे आधी नको. आधी घाट घे. त्या दिवशी आम्ही घाटावर जेवून मग गडावर गेलो होतो."

ती सांगत गेली तसतसे मी तुकडे हलवत गेलो. संध्याकाळपर्यंत फिल्म झाली. ती तिने ऐकली. शाळेत दाखवायची मात्र राहिलीच, तिच्या वर्गातली पोरं तोवर कुठे कुठे पांगली होती.