गीझरचं बटण बंद केलं का?

आमचं घर बौद्ध. अंगारे-धुपारे, उतारे, लिंबू-मिरची यातलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. शेजारची काकू माझी दृष्ट काढायला आली की आई तिला चहा पाजून परत पाठवायची. त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते हसण्यासाठीच... खोटं कशाला बोलू! आज माझाच लिहायला बसलेय.

घर अंबरनाथला, बुवापाड्यात. बैठं, पत्र्याचं. अप्पांनी कारखान्यात ओव्हरटाइम करून मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून बाथरूम बांधलं. बाथरूममध्ये गीझर – उल्हासनगरच्या बाजारातून आणलेला, सेकंडहँड. आमच्या गल्लीत तेव्हा कुणाकडेच नव्हता, त्यामुळे अप्पांना त्याचा कोण अभिमान! पण तो जुना होत गेला तशा नळाला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. "या दिवाळीच्या बोनसला बदलू," असं अप्पा दोन दिवाळ्या म्हणत होते.

तोवर आईने एक नियम केला. गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर, स्वयंपाकघराच्या दाराशी होतं. आंघोळीला गेलेल्याने आतून विचारायचं, "बंद?" बाहेरच्याने बटण बंद करायचं आणि सांगायचं, "बंद!" ते ऐकल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही.

१९८८ चा जानेवारी. मी बारावीला होते. अप्पा पहिल्या पाळीला गेलेले. मी बटणाखालीच पाट टाकून मैत्रिणीच्या नोट्स उतरवत होते, दुपारी तिला परत द्यायच्या होत्या. आईने आतून विचारलं, "बंद?"

"बंद!" मी म्हटलं... आणि उठले नाही.

एवढी ओळ संपवू आणि उठू, असं डोक्यात होतं. ओळ संपली, हाताने आपोआप दुसरी सुरू केली. मग आत बादली पडल्याचा आवाज आला.

शेजारी आले, पोलीस आले. सगळ्यांना मी एकच सांगितलं, "तिने विचारलंच नाही." मेलेल्या आईवर ढकलून मोकळी झाले. अप्पांनी मात्र तिला कधी दोष दिला नाही, स्वतःला दिला. घरी येईल त्याला सांगायचे, "वेळेवर बदलला असता तर माझी कमल आज असती." सहा वर्षं सांगत होते. मी ऐकायचे आणि पाहुण्यांसाठी चहा टाकायचे.

तो गीझर त्यांनी काढूही दिला नाही. बटण बंद, गीझर भिंतीवर तसाच. "राहू दे, माझ्या डोळ्यांसमोर असू दे," म्हणायचे. आंघोळीचं पाणी स्टोव्हवर तापायचं. पुढे माझं लग्न होऊन मी बदलापूरला गेले, अप्पा रिटायर झाले, गुडघे गेले. एकदा उकळतं पातेलं उतरवताना पाय भाजून घेतला, तेव्हा मी हट्टच धरला. नवा गीझर घेतला आणि उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला मोहन नावाचा सिंधी इलेक्ट्रिशियन घेऊन आले.

सकाळचे अकरा वाजले असतील. बाथरूमचा बल्ब उडालेला, म्हणून मी टॉर्च धरून मोहनच्या स्टुलाला खेटून उभी. अप्पा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर. मागच्या दाराला आतून कडी. घरात चौथं माणूस नाही, हे मी छातीठोक सांगते.

"दीदी, पहले चालू करो, देखता हूँ करंट किधर उतरता है," मोहन म्हणाला. मी बटण चालू करून परत येऊन उभी राहिले. त्याने टेस्टर टाकीला लावला मात्र, दिवा पेटला.

"बाप रे, पूरी बॉडी में है!" म्हणत त्याने बाहेर हाक दिली, "काका, बटन बंद करो!"

"बंद!"

आवाज बटणापाशीच आला. पोरसवदा आणि वैतागलेला, एकदाचं बोलून टाकल्यासारखा. तो वैताग मी ओळखला. माझा होता. सतरा वर्षांच्या माझा.

मोहनने टाकीकडे हात नेला. मी त्याचा शर्ट धरून असा खेचला की तो स्टुलासकट माझ्या अंगावर कोसळला.

"पागल हो क्या दीदी? अभी तो आपने बंद बोला..." तो म्हणाला, आणि मी आत, त्याच्या शेजारीच आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्याने पुन्हा टेस्टर लावला. दिवा लागला.

बाहेर जाऊन पाहिलं तर बटण चालूच. तिथे कुणी नाही. मी ते बंद केलं आणि तिथेच जमिनीवर बसले.

अप्पा भिंतीला धरत धरत आले. "काय पडलं गं? मी उठतच होतो, तेवढ्यात तू बंद म्हणालीस, म्हणून बसून राहिलो."

"अप्पा, मी आत होते."

"अगं, तुझा आवाज मी ओळखत नाही का?"

मग मला राहवलं नाही. मोहनसमोरच सगळं सांगितलं. आईने विचारलं होतं, मी बंद म्हटलं होतं, मी उठले नव्हते. अप्पा माझ्याकडे नाही, बटणाकडे बघत ऐकत होते. रागावतील, मारतील, काहीही चाललं असतं मला.

मग म्हणाले, "तुझा आवाज आला म्हणून मी उठलो नाही. तीही तशीच गेली असेल, नंदा. विश्वासाने."

त्यानंतर त्यांनी गीझरचं ते वाक्य कुणालाही सांगितलं नाही. माझ्याशीही कामापुरतंच बोलत राहिले, शेवटपर्यंत. मोहनने गीझर बसवला, पण चहाला थांबला नाही.

मनाचे खेळ म्हणाल, तर तिघांच्या मनाचा एकच खेळ कसा? ती सतरा वर्षांची मी आली होती ती मला पकडून द्यायला, की अजून एक माणूस न्यायला? मला आजही कळलेलं नाही.

बदलापूरच्या आमच्या घरी गीझर नवा आहे, अर्थिंग आहे, सगळं आहे. तरी माझी मुलगी आंघोळीला गेली की मी आवाज देत नाही. बटण बंद करते आणि दारावर दोनदा टकटक करते. तिला बजावून ठेवलंय – टकटक ऐकल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. बाहेरून कुणी "बंद" म्हटलं, अगदी माझ्या आवाजात म्हटलं, तरीसुद्धा नाही.