माहेरी पाठवायचा बेत

सासूबाई गॅलरीत गेल्या, दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात फोनवर बोलू लागल्या, तेव्हाच मृणालच्या मनात पाल चुकचुकली. एरवी सुहासिनीबाईंचा फोन डोंबिवलीतल्या त्या बिल्डिंगच्या तळमजल्यापर्यंत ऐकू जायचा. मृणाल टॉवेल वाळत घालायचं निमित्त करून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"हो हो, सातवा सरला की पाठवतेच तिला माहेरी. बाळंतपण तिकडेच होऊ दे. पण एवढ्यात कुठे बोलू नका. अप्पांच्या कानावर तर मुळीच नको."

माहेर म्हणजे काय, हे मृणालला पक्कं ठाऊक होतं. समोरच्या ब्लॉकमधली संचिता दर मे महिन्यात मुलांना घेऊन जाते, ते. पण मृणालचं माहेर व्हिएतनाममध्ये, दा नांगला. तिथे आई नाही, वडील नाहीत. एक सख्खा भाऊ आहे, पण त्याच्या बायकोने लग्नाच्या आधीच बजावलं होतं, "एवढ्या लांब जातेयस, तर परत यायचं नाही."

म्हणजे पोटातल्या बाळासकट आपल्याला कायमचं वाटेला लावायचा बेत आहे तर!

तसा संशय यायला कारणंही होती. तिचा नवरा अद्वय कंपनीच्या कामासाठी दा नांगला गेलेला, तिथे हॉटेलच्या काउंटरवर ही भेटली, आणि वर्षभरात सून म्हणून डोंबिवलीत आली. तिचं खरं नाव माई. पण सुहासिनीबाईंच्या दिवंगत सासूबाईंनाही घरात सगळे माईच म्हणत. "सासूच्या नावाने सुनेला हाक कशी मारू गं मी? जीभ चावेल माझी," म्हणून लग्नात तांदळात मृणाल हे नाव लिहिलं गेलं. पहिलं वर्षभर तर सासूबाई तिच्यासमोर चहाचा कप ठेवायच्या त्या पाहुणीपुढे ठेवावा तसा, खाली बशी आणि सोबत बिस्किट. घरच्या माणसाला बशी देत नाहीत, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

शनिवारी अद्वय पुण्याच्या साइटवरून आला. तिने आडून विचारलं, "आई मला कुठं पाठवणार?"

"सातव्यानंतर ना? अगं, असतंच ते. आईने ठरवलंय म्हणजे नीटच असेल. चल, आंबे खा."

म्हणजे हाही सामील! मृणालने आंब्याला हात लावला नाही. मग तिने मोर्चा अप्पांकडे वळवला. सासरे बिचारे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "सध्या घरात काहीतरी चाललंय खरं. मला विचारू नकोस, मला कोणी काही सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी माळ्यावरची मोठी बॅग खाली आली. हीच बॅग घेऊन ती या देशात उतरली होती. सासूबाईंनी ती पुसली, उन्हात ठेवली, आतून कापूर फिरवला. वर सहज विचारावं तसं म्हणाल्या, "मृणाल, तुझा पासपोर्ट दे गं. कल्याणच्या हॉस्पिटलात लागणार आहे."

"शोधते," मृणाल म्हणाली. शोधायचा कसला! तिने तो उचलला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि वर्षाच्या तांदळाच्या कोठीत तळाशी खुपसून टाकला. आठव्या महिन्यानंतर विमानात घेत नाहीत, हे तिने वाचलं होतं. तेवढे दिवस काढले की झालं. सासूबाई रोज विचारायच्या, ती रोज शोधायची. दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या, आणि दोघींचं हसणं ओठांच्या पुढे जायचं नाही.

डोहाळजेवणाचा दिवस उजाडला. सकाळीच कल्याणजवळच्या मोहन्याहून रंगूबाई आणि मारुतराव आले. अप्पा मोहन्याच्या कारखान्यात केमिस्ट होते, तेव्हा मारुतराव तिथे मशीनवर. या जोडप्याचंही कोडं मृणालला सुटलं नव्हतं. घर दोन खोल्यांचं, पण दर दिवाळीला रंगूबाई तिला साडी आणायच्या. पहिल्या दिवाळीला तर अद्वयला अंगठी घातली. यांना हवंय तरी काय? आणि आज आल्याबरोबर रंगूबाईंनी त्या उघड्या बॅगेकडे बघून विचारलं, "भरली का?"

म्हणजे गावभर सगळ्यांना माहीत होतं!

ओटीसाठी नवे तांदूळ हवेत म्हणून सुहासिनीबाईंनी कोठीत कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तो पासपोर्ट घेऊनच.

"मृणाल! हा तांदळात काय करतोय?"

हिरव्या साडीत, गळ्यात फुलांचे दागिने, अशी मृणाल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"मीच ठेवलेला. मी जाणार नाय, आई. दा नांगला माझं कोण नाय. बाळ इथंच होणार. तुम्ही पोलीस बोलवा, कोणाला पण बोलवा."

"दा नांगला? कोण पाठवतंय तुला दा नांगला?"

"तुम्ही! माहेरी पाठवते बोलल्या फोनवर. मी ऐकलं ना."

सुहासिनीबाई तांदळाच्या हातानेच कपाळ धरून स्टुलावर बसल्या. "अगं वेडाबाई, मोहन्याला! ह्या रंगूबाईंकडे!"

"त्या माझ्या कोण?"

आता रंगूबाई पुढे झाल्या. "कोण म्हंजे? लग्नात तुझ्या बाजूला पाटावर कोण बसलेलं? दिवसभर उपाशी ऱ्हाऊन कन्यादान कोणी केलं? तुझ्या हातावर पाणी ह्यांनी सोडलं नव्हं?"

मृणालला तो पाट आठवला, हातावरचं गार पाणी आठवलं, बाजूला पदराने डोळे पुसणारी बाईही आठवली. तिला तेव्हा वाटलं होतं, भटजींबरोबर आलेली माणसं असतील. आईवडील नसलेल्या मुलींसाठी हॉलवालेच देत असतील.

"ते... त्या दिवसापुरतं नव्हतं?"

"दिवसापुरतं?" मारुतराव बाहेरून ओरडले. "मी काय डेकोरेशनवाला हाय का?"

अप्पा मोठ्याने हसले. मृणाल हसली नाही. "मग दार लावून का बोलत होत्या?"

"तुझ्या सासऱ्यांमुळे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "त्यांना कळलं असतं तर दोन खोल्यांत सून कशी राहील म्हणून मोडता घातला असता. आणि रंगूबाई हटून बसल्या होत्या, पहिलं बाळंतपण माहेरचंच."

"बाकी काय नाय ना?"

सुहासिनीबाईंनी हाताला चिकटलेले तांदूळ झटकले. "पहिलं वर्षभर वाटायचं मला, की तू जावंस. खोटं कशाला बोलू? आता नाही वाटत."

"मला माहीत होतं पहिल्या वर्षाचं," मृणाल म्हणाली. मग रंगूबाईंकडे वळून, अजूनही डोळे बारीक करून तिने विचारलं, "परत कधी सोडणार?"

"सव्वा महिना झाल्याबिगर न्हाई. मग तुझी सासू येऊ दे, न्हाईतर कलेक्टर."

त्याच आठवड्यात मृणाल मोहन्याला गेली. चाळीतल्या बायका बघायला आल्या, तर रंगूबाई सगळ्यांना एकच सांगत होत्या, "लेक आलीय." रात्रीचं ताट वाढेपर्यंत सुहासिनीबाईंचा फोन तिसऱ्यांदा वाजला. जेवली का, पंखा आहे ना, तिला करमतंय का, आणि हे शेवटचं जरा जास्तच चौकशीने.

रंगूबाईंनी फोन ठेवला आणि मृणालच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तुझ्या सासूला काय संशय आलाय गं? तू आता परत जायची न्हाईस, असं वाटतंय का तिला?"

मृणालने भाकरीचा तुकडा मोडला.

"वाटू दे दोन दिवस," ती म्हणाली. "भाजी वाढा, आई."