हरणाबाईची खळ

तेरखेड्याच्या एका फटाक्यांच्या कारखान्यात हरणाबाईनं वीस वर्षं दारू कालवली. तो बंद पडल्यावर ती धाराशिवला आमच्या कॉलेजात रोजंदारीवर लागली, प्रयोगशाळेच्या साफसफाईला. मी तिथला कारकून. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, आणि आजही आठवलं की डोकं फिरतं.

अमरसिंह सर बायोगॅस शुद्ध करायचा पडदा बनवत होते. प्लास्टिकच्या पातळ द्रावणात सच्छिद्र भुकटी मिसळायची, काचेवर पसरायची, वाळवायची. त्या पापुद्र्यातून कार्बन डायऑक्साइड पलीकडं जातो, जळणारा मिथेन बराचसा अलीकडं राहतो. पण भुकटीच्या गुठळ्या व्हायच्या, गुठळीभोवती फट राहायची आणि दोन्ही वायू खुशाल निसटायचे. सरांनी दोन वर्षं डोकं आपटलं.

एक दिवस फरशी पुसता पुसता हरणाबाई म्हणाली, "सर, ही तुमची पलास्टिकची खळ सगळी भुकटीवर एकदम ओतू नगा. आदी थोडी घ्या, कणाकणाला लागू द्या, मग बाकीची. आमी दारू अशीच कालवायचो."

सरांनी तिलाच कालवायला लावलं. पडदा जमला. आधी किती खळ घ्यायची आणि बाकीची कधी ओतायची, हे तिच्या हातालाच कळायचं. पुढची चार वर्षं प्रत्येक पडदा तिच्या हातचा, आणि शोधनिबंध सरांच्या नावाचे. सर विभागप्रमुख झाले.

मग प्रयोगशाळेत सहायकाची कायम जागा निघाली. म्हातारपणाची सोय होईल म्हणून बाईनं अर्ज केला. मुलाखतीला समोर सरच बसलेले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, भुकटी कशी मिसळाल?

"भांडं द्या, दावते."

त्यांना लेखी उत्तर हवं होतं. बाईला सहीपुरतंच लिहिता येतं. सरांनी एक शब्द बोलायला हवा होता. ते चहा ढवळत राहिले. शेरा पडला, 'मिश्रणाचे ज्ञान नाही', आणि खाली सरांची सही. तो कागद मीच तिला वाचून दाखवला. तिनं तो दोनदा वाचायला लावला.

जागा एमएस्सी झालेल्या ज्ञानेश्वरीला मिळाली. पोरगी गुणी, तिचा काही दोष नाही. पण तिच्या पडद्यात गुठळ्याच गुठळ्या. महिन्याभरानं सर हरणाबाईकडं आले.

"मावशी, पोरीला चार दिवस शिकवा की."

बाईनं पदराला हात पुसले. "मला कालवाया येत न्हाय, सर. तुमीच लिहून दिलंय."

आता बिघडलेले पडदे काचेवरून खरवडायचं कामही तिच्याच वाट्याला आलंय. ती ते करते, आणि सरांशी बोलत नाही.